सेवाभाव : माणूस माणसाच्या मदतीला का धावतो?

तीर्थयात्रेत दर्शनाइतकाच सेवेलाही मान आहे. आषाढी वारीच्या वाटेवर गावोगावचे लोक अनोळखी वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढतात, चालून सुजलेल्या पायांना तेल लावतात, तुटलेल्या चपला शिवून देतात. आज ज्याच्या पानात भाकरी वाढली, तो उद्या पुढच्या मुक्कामी गेलेला असतो. त्याची पुन्हा गाठ पडेलच असे नाही. याच्या अगदी उलट दृश्यही यात्रेत दिसते. दर्शनाच्या रांगेत एखादी वृद्ध माता घेरी येऊन खाली बसते, आणि कित्येक नजरा तिच्यावरून सरकून कळसाकडे लागतात. भाविक तेच, श्रद्धाही तीच. मग एके ठिकाणी हात चटकन पुढे होतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो मागे राहतो, असे का व्हावे?

या प्रश्नाचा विचार जीवशास्त्रज्ञांनीही केला आहे. १९६४ साली हॅमिल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखविले की, रक्ताच्या नात्यातील जिवासाठी झीज सोसण्याची वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहू शकते. १९७१ साली ट्रिव्हर्स यांनी परतफेडीचे तत्त्व मांडले : आज मी तुला साहाय्य करावे, उद्या तू मला करावेस. आई लेकरासाठी का झिजते आणि शेजारी शेजाऱ्याच्या अडीनडीला का येतो, हे या दोन विचारांनी बरेचसे उलगडते. परंतु वारीच्या वाटेवर भाकरी वाढणाऱ्या गृहिणीचे त्या वारकऱ्याशी ना नाते असते, ना तिला परतफेडीची आशा असते. तिच्या सेवेचा उलगडा करण्यासाठी मनाच्या आणखी आत शिरावे लागते.

साहाय्याची ऊर्मी फार लवकर प्रकट होते, हे २००६ साली वॉर्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसून आले. अवघ्या अठरा महिन्यांच्या बालकांसमोर एका अनोळखी मोठ्या माणसाच्या हातून वस्तू खाली पडे व ती त्याला उचलता येत नसे. बहुतेक बालके, कोणी सांगितले नसताना, निदान एखाद्या प्रसंगी तरी त्याच्या मदतीला गेली. त्याच संशोधकांच्या २००८ सालच्या प्रयोगातील निष्कर्ष अधिक बोलका आहे. ज्या बालकांना मदतीबद्दल दर वेळी बक्षीस दिले गेले, ती पुढे बक्षीस बंद झाल्यावर इतर बालकांपेक्षा कमी मदत करू लागली. जे सहज होते, ते मोबदल्यामुळे व्यवहार झाले.

येथे धर्मविचारातील एक जुना प्रश्न पुढे येतो. पुण्य लाभावे म्हणून केलेले दान निःस्वार्थ म्हणावे काय? श्रीमद्‌भगवद्‌गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे कर्तव्य आहे, एवढ्याच भावनेने, योग्य स्थळी व योग्य वेळी, परतफेड करू न शकणाऱ्या सत्पात्र व्यक्तीला दिलेले दान सात्त्विक होय. परतफेडीच्या किंवा फळाच्या इच्छेने, मनाला क्लेश होत असताना दिलेले दान राजस होय. अपात्री, अस्थानी आणि अवहेलनेने दिलेले दान तामस होय. दानाची पारख येथे रकमेवरून केलेली नाही. देणाऱ्याच्या भावावर आणि देण्याच्या रीतीवर ती केली आहे.

माणसाच्या ठायी असा निरपेक्ष भाव खरोखर असू शकतो काय, याचा शोध अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बॅटसन यांनी अनेक वर्षे घेतला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना, एक तरुणी विजेचे झटके सोसत आहे, असे दृश्य दाखविले गेले. हे झटके प्रत्यक्षात खरे नव्हते. पण पाहणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. काहींना ते दृश्य लवकरच सोडून निघून जाण्याची मोकळीक होती. आपल्याला होणारा त्रास टाळणे एवढाच हेतू असता, तर सर्वांनी दार धरले असते. ज्यांच्या मनात तिच्याविषयी आपलेपणा जागा झाला नव्हता, त्यांतील बहुतेक निघूनही गेले. ज्यांच्या मनात तो जागा झाला होता, त्यांतील बहुतेकांनी मात्र तिच्या जागी बसण्याची तयारी दाखविली. सियाल्डिनी प्रभृती संशोधकांनी या निष्कर्षावर आक्षेप घेतले आणि तो वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. तथापि दुसऱ्याचे दुःख आपले वाटले की पळवाट समोर असूनही पाय थबकतो, एवढे या प्रयोगाने लक्षात आणून दिले.

असे असेल, तर रांगेतील त्या वृद्ध मातेजवळ कोणी का थांबत नाही? त्याचे एक कारण घाई. १९७३ साली डार्ली आणि बॅटसन यांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रत्येक यात्रेकरूने मनन करावा असा आहे. विद्यार्थ्यांना जवळच्या इमारतीत जाऊन भाषण करायचे होते. त्यांतील काहींचा विषय होता बायबलमधील एका परोपकारी वाटसरूची कथा : लुटारूंनी घायाळ केलेल्या माणसाला पुरोहित ओलांडून जातो आणि परका शोमरोनी त्याची शुश्रूषा करतो. वाटेत एका दाराशी एक माणूस खोकत, कण्हत पडलेला होता. ज्यांच्यापाशी वेळ होता, त्यांतील ६३ टक्के विद्यार्थ्यांनी त्याला साहाय्य केले. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते, त्यांतील केवळ १० टक्क्यांनी केले. परोपकाराच्या कथेवर बोलायला निघालेल्यांच्या वागण्यातही उल्लेखनीय फरक पडला नाही. दयेचा पाठ मनात घोळवीत काही जण दयेला पात्र असलेल्या माणसाला मागे टाकून गेले!

दुसरे कारण गर्दी. १९६८ साली डार्ली आणि लाताने यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दुसऱ्या खोलीतील व्यक्तीला फेफरे आल्याचा आवाज विद्यार्थ्यांना ऐकविला गेला. हे फक्त आपणच ऐकत आहोत, असे ज्यांना वाटले, त्यांतील ८५ टक्के जण तो आवाज थांबण्यापूर्वीच मदत मागायला उठले. आणखी चार जण ऐकत आहेत, असे ज्यांना वाटले, त्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. न उठलेले विद्यार्थी निष्ठुर होते काय? तसे आढळले नाही. त्यांच्या हातांना कंप सुटला होता, तळव्यांना घाम आला होता. कोणीतरी जाईलच, या समजुतीत प्रत्येक जण बसून राहिला.

तिसरे कारण भीती. अपघातग्रस्ताला उचलले तर पोलीस चौकशीचा ससेमिरा मागे लागेल, या धास्तीने अनेक जण काढता पाय घेतात. ही धास्ती दूर करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली साहाय्यकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे देशभर बंधनकारक केली. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालण्यात आले. रस्ता अपघातातील जखमीला सद्‌भावनेने मदत करणाऱ्यास आता कायद्याचे कवच आहे.

घाईवरचा उतारा महाराष्ट्राच्या संतपरंपरेने केव्हाच सांगून ठेवला आहे. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वरी निघालेल्या संत एकनाथ महाराजांना वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि कावडीतील गंगोदक त्यांनी त्याच्या मुखी घातले, ही कथा घरोघरी सांगितली जाते. यात्रा अपुरी राहण्याचे भय नाथांनी बाळगले नाही. तेथेच रामेश्वर पावला, अशी त्यांची भावना होती. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची आणि नाथांची कसोटी एकच होती. भाषणाची वेळ चुकू नये म्हणून तेथे बहुतेक जण पुढे गेले. नाथ मात्र अभिषेकाचे जल हाती असतानाही थांबले.

गर्दीवरचा उतारा संत गाडगे महाराजांच्या कार्यात सापडतो. कोणीतरी करील, याची वाट न पाहता १८७६ ते १९५६ या आपल्या आयुष्यात त्यांनी गावोगावी स्वतः खराटा हाती घेतला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू या क्षेत्रीं गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. क्षणिक कळवळा कायमच्या व्यवस्थेत कसा रुजवावा, याचा तो वस्तुपाठ आहे.

सामान्य भाविकाला यातून घेण्याजोगी शिकवण साधी आहे. यात्रेला निघताना थोडा वेळ हाताशी राखून निघावे. घाई कमी झाली की नजर आपोआप आजूबाजूला जाते. रांगेत कोणाला घेरी आली, तर इतर काय करतात हे न पाहता प्रथम आपण जवळ जावे. जमावाला उद्देशून हाक मारण्यापेक्षा एकेकाला नेमके काम सांगावे : ‘निळ्या सदऱ्यातले दादा, आपण सेवेकऱ्यांना बोलवा, ताई, आपण १०८ क्रमांकावर दूरध्वनी करा.’ नेमकेपणाने हाक दिली की गर्दीतून एक माणूस वेगळा होतो आणि जबाबदारी त्याच्या हाती येते.

आपला हेतू पूर्ण शुद्ध आहे की त्यात पुण्याची किंचित आशा मिसळली आहे, याचा निवाडा साधकाने निवांत वेळी अवश्य करावा; सात्त्विक दानाचा आदर्श त्यासाठीच आहे. मात्र भोवळ येऊन पडलेल्या मातेला त्या निवाड्यापर्यंत थांबता येत नाही. तिला त्या क्षणी घोटभर पाणी हवे असते आणि डोक्याखाली कोणाचा तरी हात हवा असतो. रांगेतील जागा गेली तरी ती पुन्हा मिळते. गाभाऱ्यातील देव भक्ताची वाट पाहत उभाच असतो.