सकाळचा पहिला नमुना

पंचवटी, नाशिक

चि. निखिल यास,


कॉलेजच्या तपासणीत तुझ्या लघवीत ‘अल्ब्युमिन दोन प्लस’ आलं आणि तू रात्रभर मोबाइलवर किडनीचे आजार वाचत बसलास, असं तुझी आई म्हणाली. अरे, आदल्या दिवशी तू अंजनेरी चढून आलास, अंगात कणकण होती (हेही तिनेच सांगितलं, तू कशाला सांगशील!). ताप आला, अंगमेहनत फार झाली, की एक-दोन दिवस लघवीतून अल्ब्युमिनसारखी प्रथिनं जातात आणि आपोआप थांबतात. तुझ्या वयाच्या काही मुलांची तर दिवसा उभ्याने वावरताना जातात नि रात्रभर आडवं झाल्यावर थांबतात. म्हणून डॉक्टर पहाटे उठल्याबरोबरची लघवी मागतात. लवकर उठण्याचा एवढा तरी उपयोग मान्य कर.

मी सिव्हिलच्या लॅबमध्ये लागलो, तेव्हा लघवीत बुडवून तपासायच्या पट्ट्या नव्हत्या. परीक्षानळीचा वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा. तो गढुळला की नवी पोरं लगेच रिपोर्ट लिहायला धावायची. पण पुढे अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे असत. फॉस्फेटचा गढूळपणा त्यात विरघळतो, प्रथिनाचा राहतो. लंडनचे डॉ. रिचर्ड ब्राइट तर चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवत. अंगावरची सूज, असली लघवी आणि बिघडलेलं मूत्रपिंड यांची सांगड त्यांनी १८२७ साली घालून दिली.

आता हे प्रथिन सतत जात राहिलं तर? मूत्रपिंडाची गाळणी चांगली असली की दिवसाला १५० मिलिग्रॅमच्या आतच प्रथिन निसटतं. साडेतीन ग्रॅमच्या वर जाऊ लागलं की रक्तातलं अल्ब्युमिन घटतं, सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी घोट्यांवर सूज येते, कोलेस्टेरॉल वाढतं, जंतुसंसर्ग लवकर होतो, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. थोडं थोडं जात असेल तर मात्र काहीच जाणवत नाही, आणि तरीही हृदयाचा धोका वाढलेला असतो. तुझ्या आजीला मधुमेह, म्हणून ती दरवर्षी अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण तपासते. ते ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत हवं; एकदा वर गेलं, तेव्हा डॉक्टरांनी ही गळती कमी करणारी रक्तदाबाची गोळी दिली, आणि घरातलं लोणचं-पापड मुकाट्याने कमी झालं (माझंसुद्धा!).

आणि तो प्रोटीन पावडरचा डबा. लघवीतून जातं म्हणून जास्त खाऊन ते भरून निघत नाही. मूत्रपिंड खरंच दुखावलेलं असेल तर उलट त्याच्यावर भार पडतो. डबा तूर्त बंद ठेव, पैसेही वाचतील. पाय दुखतात म्हणून मेडिकलमधून मनाने गोळ्या घेऊ नकोस; काही वेदनाशामकं मूत्रपिंडाला सोसत नाहीत.

ताप उतरू दे, दोन-तीन दिवस जिम नको. मग सकाळी उठल्या उठल्या, पहिली धार सोडून मधली लघवी स्वच्छ बाटलीत धर आणि तासाभरात लॅबमध्ये दे. पुन्हा प्लस आलं तरी लगेच घाबरायचं नाही. तीन महिने टिकलं तरच डॉक्टर त्याला जुनाट दुखणं म्हणतात. पण मग त्यांनी दिलेली तारीख चुकवायची नाही. मीच येईन बरोबर. आणि सूज किंवा लाल लघवी दिसली तर मात्र त्याच दिवशी फोन कर.

तुझा,
आजोबा