सेम तेच, निम्म्या दरात

"सेम तेच आहे हो, फक्त नाव नाही म्हणून स्वस्त!" हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं तो गृहस्थ थोर अर्थशास्त्रज्ञ असला पाहिजे. बी.कॉम.ची तीन वर्षं आम्ही मागणी आणि पुरवठ्याच्या रेघा एकमेकींना छेदत बसलो, पण एवढा मोठा सिद्धांत इतक्या थोड्या शब्दांत एकाही प्राध्यापकाला मांडता आला नाही. कुकरची रिंग, स्कूटरची क्लच केबल, चष्म्याची दांडी, मिक्सरचं झाकण यांच्या बाबतीत मी हा सिद्धांत आजही मानतो. रिंग सैल निघाली तर फार तर डाळ शिजत नाही. न शिजलेल्या डाळीसाठी कोणी तत्त्वज्ञानात शिरत नाही.

पण हाच सिद्धांत रायफलीच्या सुट्या भागांना लावता येईल का? मला असला प्रश्न पडावा हे माझ्या चेहऱ्याकडे बघून कोणाला पटणार नाही. दिवाळीत लवंगी लावतानासुद्धा मी उदबत्तीला आणखी एक उदबत्ती जोडतो. पण जगात दोन माणसं माझ्याशी बंदुकीबद्दल बोलतात. एक मला मामा म्हणतो आणि दुसऱ्याला मी मामा म्हणतो. पहिला माझा भाचा, टेक्सासमध्ये असतो, आता तिथलाच नागरिक आहे. दुसरे आमच्या शाखेच्या दारात बारा बोअरची दुनळी घेऊन बसणारे गार्डमामा. साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त.

भाच्याचं आधी सांगतो. आपल्याकडे माणसं ताक घुसळतात तशी तिकडे काही माणसं घरी रायफल जुळवतात. एआर-१५ नावाच्या रायफलीचा खालचा एक सांगाडा, ज्यावर नंबर कोरलेला असतो, तेवढाच काय तो तिथल्या केंद्रीय कायद्याच्या लेखी बंदूक. बाकीची नळी, बोल्ट, दस्ता, स्प्रिंगा हे सगळं भाजीसारखं निवडून मागवता येतं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानं सुटा भागसुद्धा शस्त्रच ठरतो, त्यामुळे आपल्याला या भाजीबाजाराची कल्पना येत नाही. भाचा मात्र तिथला मुरलेला गिऱ्हाईक. गेल्या वर्षी त्यानं व्हिडिओ कॉलवर मला दोन बोल्ट दाखवले. दोन्ही काळे, दोन्ही चकचकीत. एक दुसऱ्याच्या दुप्पट किमतीचा.

"मामा, सांग बरं, यातला भारी कुठला?"

मी बँकेतला माणूस. नोट हातात आली की बोटंच सांगतात. सोनेतारण कर्जाला आमच्याकडे सराफ येतो, काळ्या दगडावर रेघ ओढतो, आम्ल टाकतो आणि गिऱ्हाइकाच्या आजीनं साठ वर्षं जपलेलं गुपित दोन मिनिटांत फोडतो. पण पोलादाला कसोटीचा दगड नाही. त्यातून हे पोलाद सात समुद्रांपलीकडे, काचेआड. मी म्हटलं, "डावीकडचा." तो म्हणाला, "बरोबर! पण का?" का ते मला ठाऊक नव्हतं. परीक्षेत उत्तर आलं आणि रीत आली नाही, अशी अवस्था.

मग त्यानं रीत सांगितली, आणि ती मला फार आवडली. बोल्ट ज्याच्यात बसतो त्या कॅरिअरवर वायू आत घेणारी एक लहानशी नळी दोन स्क्रूंनी बसवलेली असते. रायफल धडधडते, स्क्रू सैल व्हायला बघतात. म्हणून चांगला कारागीर स्क्रूच्या बाजूचं लोखंड ठोकून त्याच्या अंगावर लोटतो, म्हणजे स्क्रू फिरायचा म्हटला तरी फिरत नाही. स्वस्त मालात पुष्कळदा हे ठोकणं नावापुरतं असतं, लग्नातल्या दूरच्या काकांच्या आशीर्वादासारखं. डोळ्यांना दिसणारी खूण ती एवढीच. खरी किंमत दिसत नाही तिथं असते. पोलाद कुठलं, ते किती तापवून कसं थंड केलं, हे वरच्या काळ्या रंगाखाली. चांगला कारखाना प्रत्येक बोल्ट जास्त दाबाचं काडतूस उडवून बघतो, मग चुंबक आणि लोखंडाची बारीक पूड लावून न दिसणारी चीर शोधतो. स्वस्तवाला शंभरातला एखादा तपासतो.

"आणि तपासला म्हणून बोल्टवर अक्षरं उमटवतात," भाचा म्हणाला.

"मग अक्षरं बघून घ्यायचा!"

"मामा, अक्षरं उमटवायला काय पैसे पडतात?"

मी गप्प झालो. उभं आयुष्य ज्यानं रबरी शिक्क्यांच्या सहवासात काढलं त्याला याहून अधिक समजावण्याची गरज नसते.

आणखी एक शब्द त्याच्या बोलण्यात सारखा येत होता, 'मिल-स्पेक'. म्हणजे लष्करानं ठरवून दिलेल्या मापाचा आणि दर्जाचा. मला वाटलं, म्हणजे सर्वोत्तम. तो म्हणाला, नाही, म्हणजे याहून खाली नको. अच्छा, पस्तीस मार्क! आम्ही ज्याला काठावर पास म्हणतो त्याला तिकडे जाहिरातीत सोनेरी अक्षरांत छापतात. मात्र पस्तीसला हसण्यात अर्थ नाही. पस्तीस खरेच असले तर पुष्कळ झालं. प्रश्न असतो तो पेपर तपासला होता का, एवढाच.

नमुना एक आणि माल दुसरा, ही तक्रार बंदुकीइतकीच जुनी आहे. १७९८ साली अमेरिकेत एली व्हिटनी नावाच्या गृहस्थानं सरकारला दहा हजार बंदुका दोन वर्षांत देण्याचा करार केला. कोणत्याही बंदुकीचा भाग कोणत्याही बंदुकीला बसेल, हे त्याचं आश्वासन. १८०१ साली त्यानं बड्या लोकांसमोर सुट्या भागांतून बंदुकांचे चाप जुळवून दाखवले, सगळे थक्क झाले. दोन वर्षांचं काम संपलं १८०९ साली. आणि पुढे अभ्यासकांनी त्याच्या शिल्लक बंदुका उघडून पाहिल्या तेव्हा एकीचे भाग दुसरीला नीट बसेनात. आपल्याकडचा एखादा कंत्राटदार ही हकिगत ऐकेल तर गहिवरेल.

आता स्वस्त म्हणजे वाईटच, असं म्हणणारी शिष्ट मंडळी असतात. त्यांना मी स्टेन गन दाखवतो. म्हणजे फोटो. १९४० साली डंकर्कला इंग्रजांनी माणसं परत आणली आणि हत्यारं तिकडेच टाकली. घरी वाट बघायला हिटलर. तेव्हा शेफर्ड आणि टर्पिन या दोघांनी १९४१ मध्ये एक बंदूक आखली. पत्रा, नळीचा तुकडा, थोडं वेल्डिंग. दिसायला आमच्या जुन्या बिल्डिंगमधल्या मोरीच्या पाइपासारखी. खर्च दोन-तीन पौंड. अशा चाळीसेक लाख बनवल्या. ती अडकायची आणि हातातून पडली तर आपली आपण उडायची. सैनिक तिला शिव्या द्यायचे आणि वापरायचे. पण बनवणाऱ्यांना आपण काय गाळलं हे नेमकं ठाऊक होतं, वापरणाऱ्यांनाही ठाऊक होतं, आणि न गाळावं तर हातात काठी राहणार होती. हा स्वस्तपणा मला प्रामाणिक वाटतो.

त्याच्या शेजारी एम-१६ ठेवा. भाच्याच्या एआर-१५ चीच लष्करी बहीण. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशानं ती व्हिएतनामला पाठवली. आधीच्या एम-१४ रायफलीच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा होता, हिला तो दिला नाही. जी दारू धरून रायफल तपासली होती ती बदलून दुसरी काडतुसात भरली, तिनं घाण जास्त धरली. वर ही रायफल साफ करावी लागत नाही अशी समजूत पसरली, आणि साफसफाईचं सामान पुरेसं गेलंच नाही. जंगलात दमट हवा. काडतुसाचं रिकामं टरफल आत चिकटून बसायचं आणि सैनिक ते काठीनं ठोकून काढत बसायचा. मेलेल्या जोडीदाराशेजारी उघडलेली रायफल पडलेली पाहिली, अशी पत्रं मुलांनी घरी लिहिली. १९६७ साली तिथल्या काँग्रेसच्या समितीनं चौकशी करून लष्करावर कडक ताशेरे ओढले. त्याच सुमाराला काडतूस बसतं त्या भागाला क्रोम मिळालं.

इथे काही स्वस्त माल कोणी भामट्यानं विकला नव्हता. फाइलवर प्रत्येक निर्णयाला कारण असणारच. फाइल मला कळते. प्रत्येक टेबलावर थोडी काटकसर झाली, प्रत्येक टेबल आपल्यापुरतं बरोबर. खर्चाची बेरीज कोणी केली असेल तर ती त्या जंगलात बसलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरानं. काटकसरीला मी सद्गुण मानतो, पण स्वतःच्या खिशातून वाचवणं आणि दुसऱ्याच्या जिवातून वाचवणं या दोहोंना मराठीत एकच शब्द असावा हे मला बरं वाटत नाही. कॉस्टिंगच्या पुस्तकातही दोन्ही एकाच रकान्यात येतात.

म्हणूनच कुकरच्या रिंगबद्दल माझं मन साफ आहे. रिंग मी घेतो, डाळ मी खातो. भाच्याचंही तसंच. तो निशाण्याच्या मैदानावर कागदाला भोकं पाडतो. स्वस्त बोल्ट अडकला तर कागद वाचतो, बिघडलं काय? गार्डमामांच्या बंदुकीला मात्र हा हिशेब लागू होत नाही. वापरणार ते आणि दर बघणार आम्ही.

ती दुनळी आमच्या शाखेत वीस वर्षं आहे आणि वीस वर्षांत दारात तिचा एकही बार झालेला नाही. आता अशा बंदुकीचा दर्जा काय म्हणायचा? कधीही न बिघडलेली आणि कधीही न वापरलेली या दोन वस्तू बाहेरून अगदी सारख्या दिसतात. (काही वरिष्ठांच्या बाबतीतही मला ही अडचण येते.) मागच्या पावसाळ्यानंतर मामांनी सांगितलं, डाव्या नळीचा खटका मऊ लागतो, स्प्रिंग आणि पिन बदलायला हवी. परवानाधारक दुकानदारांकडून तीन कोटेशनं मागवली. सर्वांत कमी दर दुसऱ्याच्या निम्मा. कारण विचारलं तर उत्तर तेच, सेम तेच, फक्त नाव नाही. नियम सांगतो, सर्वांत कमी दर. टिपण माझ्याकडे आलं.

मी मामांना विचारलं, तुमचं मत काय?

मामा म्हणाले, "साहेब, म्या काय सांगू? स्वस्त बसवा न्हाईतर म्हाग बसवा. बसवल्यावर एकदा दोन्ही बार टाकून दावणार का, तेवढं विचारा. जो व्हय म्हनंल त्याचं घ्या."

विचारलं. निम्म्या दरवाल्यानं सांगितलं, त्याची गरज नाही, गॅरंटी आहे. बंदूक उडाली नाही तर गॅरंटीचा कागद घेऊन दुकानात कोण जाणार, हे त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्यानं हो म्हटलं, पण काडतुसं तुमची. मी टिपणात लिहिलं की दुसऱ्या क्रमांकाचा दर चाचणीसह असल्यामुळे तुलनेनं योग्य आहे. वरून शेरा आला, 'चाचणीचे आर्थिक मूल्य नमूद करावे.' मी तीन दिवस विचार केला. चाचणीचं मूल्य रुपयांत काढायचं तर आधी मामांचं काढावं लागणार होतं. शेवटी लिहिलं, 'दोन काडतुसे.' मंजुरी आली. अधिकाऱ्याला तो आकडा पटला, कारण तो आकडा होता.

मामा स्वतः दुकानात गेले. दोन्ही बार उडाले. त्या दिवशी ते परत आले तेव्हा नेहमीपेक्षा इंचभर ताठ बसले होते.

मार्चमध्ये ऑडिट आलं. साठ्याच्या नोंदवहीत दोन काडतुसं कमी. तरुण ऑडिटरनं लाल पेनानं विचारलं, 'सदर वर्षात शाखेवर दरोडा पडल्याची नोंद नाही. काडतुसे कशासाठी खर्च झाली?' मी उत्तर लिहिलं, 'दरोडा न पडल्यामुळे.' ते परत आलं. आता सविस्तर लिहितो आहे.