अर्थापत्ती, अनुपलब्धी आणि न सापडलेला ग्रह

वैज्ञानिक ‘थिअरी’साठी मराठीत ‘उपपत्ती’ हा शब्द रूढ झाला, तेव्हा तो योजणाऱ्यांच्या मनात मीमांसकांची ‘अन्यथानुपपत्ती’ असेलच असे नाही. तरीही निवड अचूक ठरली आहे. समोर दिसणारी गोष्ट एखादी न दिसणारी गोष्ट मानल्यावाचून जुळत नाही, म्हणजे ‘अन्यथा’ उपपन्न होत नाही, म्हणून ती न दिसणारी गोष्ट मानणे याला मीमांसक अर्थापत्ती म्हणतात आणि तिला ज्ञानाचे स्वतंत्र साधन, अर्थात प्रमाण, समजतात. देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी धष्टपुष्ट आहे, त्या अर्थी तो रात्री जेवत असला पाहिजे, हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण. नैयायिक याला अनुमानाचाच एक प्रकार मानतात. तो वाद बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतोच: रात्रीच्या जेवणाची ही कल्पना पहारा ठेवण्यापूर्वीच ज्ञान ठरते, की पहाऱ्यानंतर?

मीमांसकांचा स्वतःप्रामाण्यवाद सांगतो की ज्ञान उपजतच प्रमाण असते आणि त्याला बाधा आणणारे दुसरे ज्ञान उभे राहीपर्यंत ते तसेच मानावे. नैयायिकांचा परतःप्रामाण्यवाद सांगतो की ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून, मुख्यतः त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल झाल्यावर, ठरते. कार्ल पॉपर याने १९३४ साली खंडनक्षमता हा विज्ञानाचा निकष मांडला, तेव्हा तो नकळत पहिल्या पक्षाच्या जवळ गेला होता, असे म्हणण्याचा मोह होतो. पण साम्य तेवढ्यापुरतेच आहे, कारण न खोडलेल्या अभ्युपगमाला, म्हणजे तपासण्यासाठी तात्पुरत्या धरलेल्या विधानाला, पॉपर ज्ञान म्हणायला तयार नव्हता.

या प्रश्नाची कसोटी पाहायला एकोणिसाव्या शतकातील खगोलशास्त्राइतके चांगले स्थळ नाही. १७८१ मध्ये सापडलेला युरेनस न्यूटनच्या नियमाने काढलेल्या मार्गावरून किंचित ढळत होता. फ्रेंच गणिती लव्हेरिए याने त्याच्या पलीकडे एक अज्ञात ग्रह मानला, त्याची जागा गणिताने काढून बर्लिनला कळवली आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री योहान गाले याला त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून दिसला. ही शुद्ध अर्थापत्ती होती, आणि ती नैयायिकांच्या कसोटीलाही उतरली.

पुढे १८५९ मध्ये त्याच लव्हेरिएने बुधाचे कोडे त्याच रीतीने सोडवायला घेतले. बुधाच्या कक्षेचा सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू हळूहळू पुढे सरकतो. त्यातील बहुतेक सरकणे इतर ग्रहांच्या ओढीने उलगडते, पण शतकामागे सुमारे ३८ विकला, आणि नंतरच्या हिशोबाने ४३ विकला, शिल्लक राहतात. विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. म्हणजे या शिल्लकीतून एक अंश पुरा व्हायला आठ हजारांहून अधिक वर्षे लागावीत. एवढ्याशा फरकासाठी बुध आणि सूर्य यांच्या दरम्यान एखादा ग्रह किंवा लहान पिंडांचा समूह मानण्यात आला, आणि ग्रहाला ‘वल्कन’ हे नावही मिळाले. तर्काची घडण युरेनसच्या वेळी होती तीच, तर्क करणारा तोच. पण वल्कन सापडला नाही.

तथापि न सापडणे म्हणजे नसणे नव्हे, आणि येथे अनुपलब्धीचा विचार उपयोगी पडतो. एखादी वस्तू न दिसणे हे तिच्या अभावाचे ज्ञान केव्हा देते, याचे भाट्ट मीमांसकांचे उत्तर असे की ती असती तर दिसलीच असती अशी स्थिती असेल तेव्हाच. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. भरदुपारी जमिनीवर घडा दिसला नाही तर तो नाही हे कळते, अंधारात दिसला नाही तर काहीच कळत नाही. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीची दृश्यानुपलब्धीही याच अटीवर उभी आहे. अभ्युपगम परीक्षाक्षम करणे म्हणजे खरे तर कल्पिलेल्या वस्तूला अशी योग्यता बहाल करणे होय: ती कोठे, केव्हा आणि किती तेजाची दिसावी हे आधीच सांगून टाकणे, जेणेकरून ती न दिसल्यास पळवाट उरू नये. नेपच्यूनच्या बाबतीत ही योग्यता पहिल्या रात्रीपासून होती. वल्कन मात्र सूर्याच्या झगमगाटात दडलेला, त्यामुळे त्याचे न दिसणे कित्येक दशके मुकेच राहिले. १८७८ च्या खग्रास ग्रहणात दोघा निरीक्षकांनी तो पाहिल्याचा दावाही केला. १९०१, १९०५ आणि १९०८ च्या ग्रहणांत लिक वेधशाळेने सूर्याभोवतीच्या आकाशाची छायाचित्रे घेतली आणि बुधाला पुरेशी ओढ लावणारा ग्रह तेथे नाही असे ठरले, तेव्हा कुठे ही अनुपलब्धी योग्य झाली. लव्हेरिए १८७७ मध्येच, गालेला नेपच्यून दिसला होता त्याच तारखेला, वारला होता.

वल्कन बाधित झाला, पण दोष नेमका कोठे होता हे त्या बाधेने सांगितले नाही. पिएर दुएम याने १९०६ मध्ये दाखवले की अभ्युपगम कधी एकटा तपासला जात नाही, त्याच्यासोबत गृहीत धरलेले सगळेच तपासले जाते. देवदत्ताच्या उदाहरणातही अन्नावाचून कोणी पुष्ट राहत नाही ही व्याप्ती, म्हणजे अपवादरहित साहचर्य, आधीच मान्य केलेली असते. तीच डळमळली तर रात्रीचे जेवण मानण्याचे कारण राहत नाही. वल्कनच्या बाबतीत ही व्याप्ती म्हणजे न्यूटनचा नियम; नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइनने नेमकी तीच बदलली, आणि नवा ग्रह न मानता ४३ विकला त्याच्या गणितातून आपोआप निघाल्या.

व्याप्तीवर किती शंका घ्यावी याची मर्यादा उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत आखली आहे: शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या व्यवहाराशीच तिचा विरोध येऊ लागला की तेथे ती थांबते. न्यूटनच्या नियमावर पंचांगे बनत होती, ग्रहणे वर्तवली जात होती, आणि त्या नियमावर शंका घेणे हा वरवर पाहता असाच व्याघात होता. पण नव्या उपपत्तीतून दुर्बल गुरुत्वाकर्षण आणि मंद गती यांच्या मर्यादेत न्यूटनचाच नियम जवळजवळ जसाच्या तसा निघतो, त्यामुळे पंचांगकर्त्यांचा व्यवहार चालूच राहिला आणि उदयनाचार्यांची अट मोडल्याशिवाय ती शंका घेता आली.