मिलेत बंदरावरील अश्रू

शास्त्रपाठ : गणना ८:२३-२६, प्रेषितांची कृत्ये २०:१७-३८, इब्री लोकांस पत्र १३:७-८



पौलाला यरुशलेम गाठण्याची घाई होती. पन्नासाव्या दिवसाचा सण जवळ आला होता. आसियात वेळ मोडू नये म्हणून इफिसाला न उतरता तो मिलेत बंदरात थांबला आणि इफिस येथील मंडळीच्या वडिलांना त्याने तेथेच बोलावून घेतले. ज्यांच्यामध्ये त्याने तीन वर्षे रात्रंदिवस बोध केला होता, त्यांच्याशी तो अखेरचे बोलला आणि गुडघे टेकून त्या सर्वांसह त्याने प्रार्थना केली. पुढे काय झाले ते लूक आडपडदा न ठेवता सांगतो. ती प्रौढ, जबाबदार माणसे, मंडळीचे कारभारी, पौलाच्या गळ्यात पडून रडली. त्याची पुन्हा गाठ पडणार नाही, हे त्याचे बोलणे त्यांच्या जिव्हारी लागले होते.

पौलाने त्यांना गप्प केल्याचे लूक लिहीत नाही. 'प्रभूवर विश्वास आहे ना, मग माणसासाठी का रडता?' असे त्या किनाऱ्यावर कोणी म्हटले नाही.

मी मात्र एकदा तसे म्हटले होते.

गोष्ट २०१० सालची. नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची आमची लहानशी मंडळी. तिच्यातील पंचविशीच्या एका तरुणाच्या घरी मी चहाला गेलो होतो. त्याने मोठ्या उत्साहाने एक डीव्हीडी लावली. 'डिलिरियस' नावाच्या इंग्लंडमधील ख्रिस्ती रॉक बँडने आदल्या वर्षी लंडनमध्ये आपल्या चाहत्यांचा निरोप घेतला, त्या कार्यक्रमाचे ते चित्रण होते. झगमगते दिवे, ड्रमचा दणदणाट, विजेवरची गिटारे आणि उभ्याने गाणारा जमाव. थोड्या वेळाने पाहतो तो यजमानाचे डोळे भरून आलेले. मला राहवले नाही. "अरे, परक्या देशातल्या गाणाऱ्यांसाठी रडतोस? वधस्तंभापाशी कधी रडला होतास काय?" असे मी म्हणालो. त्याची आई बशी घेऊन बाहेर येत होती, ती दारातच थबकली. त्याने टीव्ही बंद केला आणि खाली पाहत म्हणाला, "पाळकसाहेब, बाबा गेल्यावर वर्षभर मी देवळात येत होतो, पण मला प्रार्थना करता येत नव्हती. ही गाणी ऐकता ऐकता ती येऊ लागली."

मी उरलेला चहा संपवला आणि उठलो. काय उत्तर द्यावे, हे मला त्या दिवशी सुचले नाही.

ज्यांच्यासाठी तो रडला ती माणसे कोण होती, याची चौकशी मी पुढे केली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वेस्ट ससेक्स परगण्यात लिटलहॅम्प्टन नावाचे गाव आहे. तेथे १९९२ साली तरुणांसाठी 'कटिंग एज' या नावाने उपासना-मेळावे सुरू झाले. मार्टिन स्मिथ हा ध्वनिमुद्रणाचे काम करणारा तरुण तेथे गाऊ लागला. टिम जप, स्टू स्मिथ, स्टू गॅरार्ड, जॉन थॅचर हे त्याचे साथीदार. १९९५ साली गाडी चालवताना मार्टिनला झोप लागली आणि भीषण अपघात झाला. पाय मोडून तो काही आठवडे इस्पितळात पडून होता. आयुष्याचे काय करायचे, हा प्रश्न त्या बिछान्यावर त्याला टाळता आला नाही. १९९६ साली या मंडळींनी पूर्ण वेळ याच कामाला वाहून घेतले. त्यांच्या नावाचा अर्थ 'बेभान', आणि त्यापुढे एक प्रश्नचिन्ह. हे नाव मला प्रथम उथळ वाटले होते. पण फेस्तानेही पौलाला भर दरबारात वेडा ठरवले होते, याची मग आठवण झाली.

वाद्यांविषयी माझ्या मनात जी अढी होती, ती अनेक वाचकांच्या मनातही असेल. रॉक संगीत देवाच्या घरात कसे चालेल? या प्रश्नाचा निकाल मी येथे लावू इच्छीत नाही. एवढेच सांगतो की, जिच्यावाचून आपली मराठी उपासना आपल्याला उपासना वाटत नाही, ती पेटीसुद्धा युरोपातूनच येथे आली. ती हिंदी संगीताला बाधक आहे असे ठरवून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी केली होती. आज त्याच पेटीच्या कडेला बसून आम्ही गिटारला 'परदेशी' म्हणतो! रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला मराठी अभंगात, भजनात आणले, तेव्हा त्यांनी आमच्या आजोबा-पणजोबांना त्यांच्या स्वतःच्या गळ्याने गायला दिले. इंग्लंडमधील त्या तरुणांनीही त्यांच्या पिढीला तिच्या गळ्यात बसेल असे गाणे दिले. सूर निराळा, चाकरी तीच.

जुलै २००८ मध्ये या बँडने थांबण्याचा निर्णय जाहीर केला. मार्टिन तेव्हा चाळिशीचाही नव्हता. गाणी जगभर गाइली जात होती. निमंत्रणांना तोटा नव्हता. सहा मुलांच्या या पित्याला आता आपल्या कुटुंबासाठी आणि वेगळ्या कामासाठी वेळ हवा होता. २९ नोव्हेंबर २००९ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलो सभागृहात ते अखेरचे गायले. म्हणजे घोषणेपासून जवळजवळ सोळा महिने चाहत्यांना निरोपासाठी मिळाले.

येथे मला थोडे थांबू द्या. घर आणि सेवा यांची ओढाताण आम्हा सेवकांच्या घरांत नवीन नाही. संजीवन सभा, शिबिरे, अधिवेशने यांसाठी गावोगाव फिरताना माझ्या मुलाच्या शाळेतील इयत्ता मला त्यालाच विचारावी लागे. 'प्रभूचे काम' हा शब्द आम्ही घरातल्या माणसांपुढे ढालीसारखा धरतो. गर्दी जमत असताना, टाळ्या चालू असताना घराकडे वळलेला माणूस मला आता पळपुटा वाटत नाही.

आणि त्या 'वेगळ्या कामा'चा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत पोहोचतो. मुंबईत 'प्रेमकिरण' या नावाने, वेश्यावस्तीतील स्त्रियांच्या मुलांना सांभाळणारे काम चालत असे. मार्टिन तेथे गेला, त्या मुलांत बसला आणि जे त्याने पाहिले ते घेऊन घरी परतल्यावर त्याला पूर्वीसारखे गाता येईना. २००८ साली निघालेल्या 'किंग्डम ऑफ कम्फर्ट' या गीतसंग्रहात सुखासीन ख्रिस्ती जीवनाविषयीची ती बोचणी आहे. त्याच वर्षाच्या जानेवारीत त्याने बारा ख्रिस्ती गीतकारांना स्कॉटलंडमध्ये एकत्र बसवले. त्यांनी मिळून रचलेल्या गीतांचे उत्पन्न गरिबांच्या कामाला देण्याचे ठरले; 'कम्पॅशनआर्ट' हे त्या उपक्रमाचे नाव. परक्या देशातील गाणारे म्हणून मी ज्याची हेटाळणी केली, तो आमच्याच शहरातील, आमच्याच भाषेच्या प्रदेशातील त्या लेकरांपाशी बसून गेला होता. त्या वस्तीच्या रस्त्यावरून मी अनेकदा गेलो आहे, बसच्या खिडकीतून.

मोशेच्या नियमशास्त्रात सेवानिवृत्तीविषयी एक वचन आहे, ते फारसे कोणी वाचत नाही. गणना ८ मध्ये सांगितले आहे की, लेव्याने पंचविसाव्या वर्षी सेवेला लागावे आणि पन्नासाव्या वर्षी त्या कामातून मोकळे व्हावे. पण मोकळे होणे म्हणजे निघून जाणे नव्हे. त्याने दर्शनमंडपापाशी आपल्या भावांना साहाय्य करावे. जड काम मात्र करू नये. पुढे दाविदाने निवासमंडप वाहून नेणाऱ्या याच वंशातून गायक नेमले. तेव्हा देवाच्या घरातील गाणाऱ्यांनी केव्हा थांबावे, हा विचार काही आजचा नाही. 'डिलिरियस'च्या टिम जपने २००९ सालीच वेस्ट ससेक्समध्ये 'बिग चर्च डे आऊट' हा उघड्या मैदानावरील ख्रिस्ती मेळावा सुरू केला, जेथे इतर गायकांसाठी मंच उभा राहतो. मार्टिनही पुढे गात राहिला, पण बँडचे ओझे उतरवून. भावांना साहाय्य करण्याचा हा एक प्रकार आहे. आमच्याकडे पंचाहत्तरीचे गायनप्रमुख पेटीवरचा हात काढीत नाहीत, आणि पाळक निवृत्त झाला तरी पुलपिटाची किल्ली त्याच्या खिशात राहते.

आता चाहत्यांविषयी. त्यांच्या अश्रूंत धोका नाहीच, असे मी म्हणणार नाही. अरण्यात देवाच्याच आज्ञेने मोशेने पितळेचा साप केला आणि त्याकडे पाहून दंश झालेली माणसे वाचली. तोच साप लोकांनी जपून ठेवला आणि शेकडो वर्षांनी ते त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाला त्याचे तुकडे करावे लागले. ज्या वस्तूने एकदा जीव वाचला, तिच्याभोवतीच मूर्तिपूजा वाढते. कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, असे करिंथकर म्हणत होते ते याच वाटेने. गाणे ऐकले की देव आठवतो, एवढ्यावर थांबले तर ठीक; गाणे नसेल तर देव आठवेनासा होतो, तेव्हा हिज्कीयाला बोलवावे.

पण माझ्या त्या तरुणाला हिज्कीयाची गरज नव्हती. ते मला कसे उमगले, तर इब्री पत्राचा तेरावा अध्याय वाचताना. आठवे वचन आपल्या घराघरांतील भिंतीवर टांगलेले असते: येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग तोच आहे, या अर्थाचे. सातवे वचन कोणी टांगत नाही. ज्यांनी तुम्हांला देवाचे वचन सांगितले त्या आपल्या पुढाऱ्यांची आठवण ठेवा, त्यांच्या आयुष्याचा शेवट कसा झाला ते पाहा, असा बोध त्यात आहे. 'आठवण ठेवा', म्हणजे ते आता समोर नाहीत. ज्यांच्या तोंडून सुवार्ता ऐकली ते आवाज बंद झालेल्या माणसांना उद्देशून तो लेखक सांगतो की ख्रिस्त तोच आहे. सातव्या वचनातील रिकामी जागा ज्याने पाहिली नाही, त्याला आठव्या वचनाचा आधार किती मोठा आहे हे समजायचे नाही. मी त्या मुलाला आठवे वचन तोंडावर फेकून मारले होते. तो बिचारा सातव्या वचनात उभा होता.

मार्टिन स्मिथने १९९४ च्या सुमारास रचलेले 'आय कुड सिंग ऑफ युअर लव्ह फॉरएव्हर' हे गीत आपल्या देशातील इंग्रजी उपासनांत पुष्कळांनी गाइले आहे. शीर्षकात सर्वकाळ गाण्याची भाषा आहे. गाणारा बँड मात्र सतरा वर्षांत थांबला. हे खोटे पडले काय? टिळक १९१९ साली प्रभूकडे गेले. आजही मराठी मंडळ्यांतून त्यांचे शब्द उमटतात आणि गाणाऱ्या अर्ध्याअधिक मुलांना ते कोणाचे आहेत हे ठाऊक नसते. टिळकांना याचे वाईट वाटले असते, असे मला वाटत नाही. वराचा आवाज ऐकून आनंदित होणारा वराचा मित्र, अशी स्वतःची ओळख बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने करून दिली. लग्नघरातून तो मित्र केव्हा निघून गेला, हे पाहुण्यांच्या लक्षात राहत नाही.

लूक शेवटी एक लहानशी गोष्ट लिहितो: ते त्याला जहाजापर्यंत पोहोचवायला गेले. रडून ते तेथेच बसले नाहीत. पौलाला धरूनही ठेवले नाही. त्याचे जहाज कोस बेटाच्या दिशेने निघाले आणि हे वडीलजन, मला वाटते, न बोलता इफिसाची वाट चालू लागले असतील. तेथे कळप वाट पाहत होता.

येत्या मे महिन्यात मी पाळकपदावरून निवृत्त होत आहे. मंडळीने निरोपाची उपासना ठरवली आहे आणि गीते निवडण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. तो तरुण आता चाळिशीचा आहे, मंडळीचा खजिनदार आहे. त्याची तेरा वर्षांची मुलगी गिटार वाजवते. इतकी वर्षे मी देवळात गिटार येऊ दिली नाही. गेल्या बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो आणि त्या जुन्या दिवसाबद्दल क्षमा मागितली. तो हसला आणि म्हणाला, "आईला अजून आठवतं, पाळकसाहेब." मग टिळकांचे एक गीत आम्ही वाजवून पाहिले. पेटीचा आणि गिटारचा सूर काही केल्या जुळेना. मुलीने दोनदा तारा पिळल्या, मी पट्टी बदलली, आणि अर्ध्या तासाने काळी दोन पक्की झाली.