शिकवण्याची देणगी

निवासमंडपाच्या कामासाठी देवाने बसालेलाला हस्तकौशल्य दिले. शिवाय त्याच्या व अहलियाबाच्या मनात इतरांस शिकवण्याची बुद्धीही घातली (निर्गम ३५:३४). ही दुसरी देणगी आपण विसरतो.

शासनाच्या ‘स्वयं’ या संकेतस्थळावर २०१७ पासून अनेक अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. महाराष्ट्रात आयटीआयचे प्रवेश-अर्जही ऑनलाइनच भरावे लागतात. खेड्यातील मुलाच्या हाती फोन असतो, पण वाट दाखवणारे कोणी नसते. बहिणीला तर तो फोनही घटकाभरच मिळतो. मुदत टळते, वर्ष बुडते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, उपासनेनंतर तासभर त्यांच्याजवळ बसा. अर्ज त्यांच्याच हातून भरवून घ्या. ज्याला येते त्याने शिकवावे. देणाऱ्याचा हेतू तोच आहे.