कामकरी स्त्रीस दया की न्याय?

ज्या स्त्रिया शेतात, कारखान्यात, शाळेत किंवा दवाखान्यात मोलाने काम करितात, त्यांस बाळंतपणाची रजा, लेकरांसाठी पाळणाघर, पुरुषाइतकी मजुरी व वरच्या जागेवर चढण्याची वाट असावी, असे म्हटले म्हणजे आपल्या मंडळ्यांतही दोन आक्षेप निघतात. कोणी म्हणतात, मालक दयाळू असला म्हणजे पुरे, नियम कशाला? कोणी म्हणतात, देव कोणाचे तोंड पाहून वागत नाही. मग स्त्रीस वेगळी सवलत देणे हा पक्षपातच नव्हे काय? हे आक्षेप पुष्कळ भाविक माणसे प्रामाणिकपणे काढितात, म्हणून त्यांचा विचार शास्त्राच्या उजेडात करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम दयेविषयी पाहू. रूथच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात बवाज हा थोर मनाचा धनी आपणांस भेटतो. परदेशी विधवा शेतात सरवा वेचावयास आली, तेव्हा त्याने गड्यांस ताकीद दिली की, तिला कोणी हात लावू नये. तहान लागल्यास गड्यांनी भरून ठेविलेल्या पाण्यातून तिने प्यावे असे सांगितले, जेवणाच्या वेळी तिला जवळ बसविले, आणि पेंढ्यांतून मूठमूठ कणसे मुद्दाम तिच्यासाठी टाकविली. परंतु त्याच अध्यायाच्या शेवटी नामी सुनेस काय सांगते, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. दुसऱ्याच्या शेतात जाऊ नकोस, तेथे तुजवर प्रसंग येईल, अशा अर्थाचे तिचे बोलणे आहे. म्हणजे एका शेतात बवाज होता, पण शेजारच्या शेताची खात्री नव्हती. आणि रूथ त्या शेतात पाऊल टाकू शकली ती तरी कशाच्या बळावर? गरीब व परदेशी यांसाठी शेताच्या कडा न कापता सोडाव्या व सरवा वेचू नये, असा नियम लेवीयाच्या पुस्तकात आधीच घालून दिलेला होता. बवाजाने नियमाहून अधिक केले, हे खरे. तथापि नियम नसता तर रूथचे पोट केवळ त्याच्या मर्जीवर राहिले असते.

आता आपल्या मुलखाकडे पाहू. मराठवाड्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीस जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरितात. उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते, आणि एक दिवस काम चुकले तर खाडा कापला जातो. जिला कामाच्या दिवसांत दुखणे आहे किंवा जी गरोदर आहे, तिने काय करावे? २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढून टाकल्याचा प्रश्न विधिमंडळात निघाला व चौकशीसाठी समिती नेमण्यात आली. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम कारखान्याकडे. अशा ठिकाणी एखादा मुकादम मनाने चांगला असेलही; परंतु त्याच्या चांगुलपणावर त्या बाईचे शरीर सोपवून ठेवणे, हा न्याय म्हणता येईल काय?

दुसरा आक्षेप पक्षपाताचा. दोघांस सारखे वागविणे याचा अर्थ दोघांवर एकच माप लादणे असा नव्हे. लेकरू एकटी स्त्रीच पोटात वाहते, पण ते लेकरू एकटीचे नसते. ते घराचे, गावाचे व मंडळीचेही असते. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात गिरणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे बिल आले, तेव्हा डॉक्टर आंबेडकर यांनी त्यास पाठिंबा देऊन सांगितले की, मातेस विसावा मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे. खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, तथापि मालकासही त्यातून मोकळे होता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली तो कायदा मुंबई इलाख्यात झाला. पुढे १९६१ साली सर्व देशासाठी कायदा झाला. त्यातील बारा आठवड्यांची रजा २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे झाली, आणि जेथे पन्नास किंवा अधिक माणसे कामास आहेत तेथे पाळणाघर आवश्यक ठरले.

यावर व्यवहारी मनुष्य विचारील की, एवढा खर्च अंगावर येतो म्हणून मालक बाईस कामावरच घेणार नाही, मग काय लाभ? ही शंका पोकळ नाही. रजेचे वेतन एकट्या मालकाच्या गळ्यात पडते, तेव्हा लहान धनी मागे सरतो, हे खरे. परंतु यावरून निघते ते एवढेच की, ओझे सर्वांनी वाटून घ्यावे. ओझे पुन्हा एकट्या मातेच्या डोकीवर ठेवावे, असे निघत नाही.

शिवाय रक्षण करणे व पुढे आणणे या दोन गोष्टी आहेत. सरवा वेचणारीने जन्मभर सरवाच वेचावा, अशी देवाची इच्छा नव्हती. पंडिता रमाबाई यांनी १८८२ साली हंटर कमिशनापुढे साक्ष देताना स्त्रीशिक्षकांस पुरुषांहून अधिक वेतन असावे व स्त्रियांस वैद्यकीचे शिक्षण मिळावे, असे मागितले. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी मुलींच्या हाती छापखाना दिला, आणि त्यांच्या मराठी पवित्र शास्त्राचे खिळे तेथील स्त्रियांनीच जुळविले. ज्या हातांस लोक निराधार म्हणत, त्या हातांनी हे काम केले.

म्हणून आमची उपदेशक बंधूंस व मंडळीच्या पंचांस विनंती आहे की, दुसऱ्याच्या कारखान्यास दोष देण्यापूर्वी आपल्या वहीकडे पाहावे. मंडळीच्या शाळेतील बाईस व दवाखान्यातील परिचारिकेस त्याच कामाचे पुरुषाइतके वेतन आहे काय? बाळंतपणानंतर तिची जागा तिच्यासाठी राखली जाते काय? कोणी तिला छळले तर तिने कोणाकडे जावे, हे तिला ठाऊक आहे काय? पंचांत एकतरी स्त्री आहे काय? ज्या गावांतून माणसे ऊसतोडीस जातात, तेथे निघण्यापूर्वी उचलीचा हिशेब पती-पत्नी दोघांसमोर वाचून दाखविणे, एवढे तरी उपदेशकास करिता येईल. हे प्रश्न येत्या सभेत मांडावे, आणि जे ठरेल ते लिहून ठेवावे, म्हणजे पाळक बदलला तरी ते टिकेल.