वाढलेलं पाणी

पाणी वाढणं म्हटलं की आताच्या पोरांना जेवणाची पंगत आठवते. आमच्या लहानपणी तो आडावरचा शब्द होता. आड गावाचा, पण पोहरा सोडायचा तो ठरावीक घरांनीच. बाकीच्या बायांनी चार-पाच हात लांब घागरी मांडून बसायचं आणि पाण्याला येईल तिला म्हणायचं, "आई, वाढा की वाईच पाणी." जिला दया येईल ती वरून धार सोडायची. पोहऱ्याचा काठ घागरीला लागणार नाही, एवढं बघायची.

माझी आजी कधी कुणाला नाही म्हणाली नाही. बहात्तरच्या दुष्काळात आडाचा तळ दिसायला लागला होता, पोहरा अर्धामुर्धाच भरून यायचा. तरी आपली एक कळशी झाली की दुसरी ती त्या बायांच्या घागरीत ओतायची. माणूस म्हणून ती चांगलीच होती, यात मला आजही शंका नाही. पण एकदा ती तापानं तीन दिवस अंथरुणाला खिळली, तेव्हा त्या बाया दुपार कलेपर्यंत रित्या घागरी घेऊन बसून होत्या, असं आई सांगायची. आजीच्या चांगुलपणाला ताप आला की त्यांच्या घरची चूल थांबायची.

हे सांगायचं कारण असं, की पारावर अजून एक वाक्य ऐकू येतं. "आपल्या गावात तसलं काही नाही. माणसं चांगली आहेत. कायद्यानं उलट भांडणंच वाढतात." बोलणारे वाईट असतात असं नाही. त्यांना खरंच तसं वाटतं. पण माणसं चांगली आहेत एवढ्यावर एखाद्यानं किती दिवस जगायचं, हा माझा प्रश्न आहे.

जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. माझ्या आजीच्या वाढण्याहून ते कितीतरी मोठं होतं. तिथं कुणी वाढायला लागत नव्हतं, ज्याचं त्यानं भरून घ्यायचं. पण हौद त्यांचा स्वतःचा होता. गावच्या पाण्याचं काय, हा सवाल महाडला आला.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, की सरकारी पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेनं त्याप्रमाणं १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. ठराव कागदावर राहिला. तळ्यावर जायची कुणाची छाती होत नव्हती. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन चालत गेले आणि पाणी प्याले. त्या दिवशी त्या लोकांना मारहाण झाली. मागाहून शेण, गोमूत्र घातलेल्या एकशेआठ घागरी ओतून तळं 'शुद्ध' करण्यात आलं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला.

मला या सगळ्यात ती शेवटची गोष्ट जास्त लागते. मारहाण रागाच्या भरात होते. ठराव मागं घ्यायला खुर्च्या मांडून, हात वर करून बसावं लागतं. ज्यांनी मुभा दिली त्यांनीच ती उचलून नेली.

पुढं प्रकरण कोर्टात गेलं. विरोधकांचं म्हणणं, तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांना न शिवू देण्याची वहिवाट पूर्वापार आहे. वहिवाट म्हणजे काय ते शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. बांधावरनं गाडी जात होती म्हणून भागत नाही, ते शाबीत करावं लागतं. ती पूर्वापार वहिवाट काही शाबीत झाली नाही. मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. म्हणजे ओंजळीला दहा वर्षं, तीन दिवस कमी.

राज्यघटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यताच संपवली. १९५५ चा कायदा आला तेव्हा त्याच्या नावात अस्पृश्यता होती. १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणायला लागले. शिक्षा एक ते सहा महिने आणि दंड शंभर ते पाचशे रुपये. पाचशेत आज शेरडाचं करडू येत नाही. पण त्याच दुरुस्तीत एक गोष्ट झाली, ती मला दंडाहून मोठी वाटते. हे गुन्हे आपसात मिटवायची सोय काढून टाकली.

गावाला हे पटत नाही. आम्ही सगळं आपसात मिटवणारी माणसं. बांधाचा तंटा असला तर चार जाणते बसतात, तू एक हात सोड, तू एक हात सोड म्हणतात, आणि ते योग्यच आहे. दोघांकडेही जमीन आहे, दोघंही थोडं थोडं सोडू शकतात. पण ज्याला पाण्यापासून उठवलं त्यानं काय सोडायचं? त्यातून उद्या ज्याच्या रानात खुरपायला जायचं, समोर तोच बसलेला. नारळ फुटतो, चहा होतो, आणि तक्रार करणारा खाली मान घालून 'मिटलं' म्हणतो. अशा मिटण्याला मी समेट म्हणत नाही.

कायद्यानं माणसं एका ताटात जेवतील का? नाही जेवणार. पण आडावर बसलेली बाई ताट मागत नव्हती. तिला तिची घागर तिच्या हातानं भरायची होती.

आता आमच्याकडं घरोघरी नळ आहे. दोन दिवसाआड येतो, पण सगळ्यांना सारखाच येतो. वाढण्याचा प्रश्न तिथून उठला आणि स्मशानात जाऊन बसला. कायद्यानं पाणवठा आणि स्मशान एकाच कलमात घातलंय. आमच्या भागात मात्र जाळायच्या जागा बऱ्याच गावांत दोन आहेत. एका गावच्या ग्रामसभेला मी पाहुणा म्हणून बसलो होतो. शेड दुरुस्तीचा विषय निघाला तेव्हा एक जाणते गृहस्थ म्हणाले, "त्यांना आपण इथं नको असं कधी म्हणालोय का? त्यांनी एकदा विचारावं."

मागं बसलेली एक म्हातारी उठली. "तुमचा म्हातारा गेला तवा तुमी कुणाला इचारलं व्हतं, दादा?"

सभा थोडा वेळ गप्प झाली. मग ग्रामसेवकानं पुढचा विषय घेतला. शेडचे पत्रे बदलले, तेही जुन्याच शेडचे. दुसऱ्या जागेला शेड नाही, आणि पावसाळ्यात तिरडी ओढ्यातून, मांडीभर पाण्यातून न्यावी लागते.